विकरांचे तंतू आणि वाढत्या पेशीचा कारभार

ज्या वास्तूची उभारणी अवधचा नबाब गाजीउद्दीन हैदर याने आरंभिली आणि त्याचा पुत्र नसीरुद्दीन हैदर याने तडीस नेली, जिच्या दालनांत एके काळी शाही जनाना नांदत होता, १८५७ च्या रणधुमाळीत जी उठावकऱ्यांचे ठाणे बनली आणि लखनौ पुन्हा इंग्रजी अमलाखाली गेल्यावर जिच्यात गोऱ्या अंमलदारांचा क्लब भरू लागला, त्या गोमतीकाठच्या छत्तर मंझिलमध्ये १७ फेब्रुवारी १९५१ रोजी पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते केंद्रीय औषध संशोधन संस्थेचे उद्घाटन झाले. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या राष्ट्राने आपल्या हाती आलेला एक राजवाडा रोगनिवारणाच्या शास्त्राला अर्पण करावा, ही गोष्ट त्या काळच्या राज्यकर्त्यांच्या विज्ञाननिष्ठेची साक्ष देते. संस्थेचे पहिले संचालक सर एडवर्ड मेलनबी हे होते. मुलांची हाडे वाकविणारा मुडदूस हा विकार आहारातील एका मेदविद्राव्य जीवनसत्त्वाच्या अभावी जडतो, हे पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस कुत्र्यांवरील प्रयोगांनी दाखवून देणारे तेच हे शास्त्रज्ञ.

औषधाचे शास्त्र हे अंती चयापचयाचेच शास्त्र आहे. हिवताप, काळा आजार, हत्तीरोग किंवा क्षय यांच्याशी लढावयाचे म्हणजे परोपजीवी जंतूच्या पेशीत अहोरात्र चालणाऱ्या सहस्रावधी रासायनिक व्यवहारांपैकी असा एक व्यवहार हुडकून काढावयाचा, की जो बंद पाडला असता जंतू मरावा आणि रोगी जगावा. हे व्यवहार चालविणारी प्रथिने म्हणजे विकर, ज्यांना आपण एरवी एन्झाइम म्हणतो. या विकरांपैकी काही विकर पेशीमध्ये सुटे न राहता एकमेकांस जोडले जाऊन लांबच लांब तंतू बनवितात, आणि हे तंतू बनणे किंवा विरघळणे हेच चयापचयाच्या नियमनाचे एक साधन असते, हे ज्ञान जगाला गेल्या पंधरा वर्षांत झाले. त्याचा शोध लखनौत लागला नाही. त्याचे श्रेय सेंट लुई, ऑक्सफर्ड, प्रिन्स्टन, सॅन डिएगो, सिअॅटल अशा अनेक नगरांतील प्रयोगशाळांमध्ये वाटले गेले आहे. तथापि त्या इतिहासाचा एक पूर्वरंग आणि एक मार्मिक उपकथा लखनौ नगरीशी निगडित आहे, आणि या इतिहासाने दिलेला धडा ज्यांना सर्वांत अधिक उपयोगी पडावयाचा, त्या औषधसंशोधकांचे हे माहेरघर आहे.

संस्था उघडली त्याच वर्षी तेथे रुजू झालेल्या तरुणांमध्ये नित्य आनंद नावाचे एक रसायनज्ञ होते. १९२५ साली लायलपूर येथे जन्मलेल्या या विद्यार्थ्याने मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागात प्राध्यापक के. वेंकटरामन यांच्या हाताखाली १९४८ मध्ये डॉक्टरेट मिळविली, आणि तेवढ्यावर समाधान न मानता केंब्रिजला अलेक्झांडर टॉड यांच्याकडे जाऊन १९५० मध्ये दुसरी डॉक्टरेट संपादन केली. टॉड यांच्या प्रयोगशाळेत त्या वेळी न्यूक्लिओटाइडांची, म्हणजे ज्या घटकांपासून आनुवंशिक द्रव्य घडते त्यांची, कृत्रिम निर्मिती चालली होती, आणि याच कार्याबद्दल टॉड यांना १९५७ चे नोबेल पारितोषिक लाभले. क्लार्क, हॉल व टॉड यांच्यासमवेत आनंद यांनी युरिडीनला दोन फॉस्फेट जोडून एक संयुग सिद्ध केले, आणि त्याचा वृत्तांत १९५२ मध्ये, म्हणजे ते लखनौला आल्यानंतर, लंडनच्या केमिकल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

या संयुगाला आणखी एक फॉस्फेट जोडला की युरिडीन ट्रायफॉस्फेट, संक्षेपाने यूटीपी, होते. आणि यूटीपीमधील एका प्राणवायूच्या जागी नत्रयुक्त अमिनो गट बसविला की सायटिडीन ट्रायफॉस्फेट, म्हणजे सीटीपी, तयार होते. एका अणूच्या जागी दुसरा गट येण्याची ही अदलाबदल दिसावयास क्षुद्र आहे. परंतु तिच्यावाचून कोणतीही पेशी वाढू शकत नाही. आरएनएच्या घडणीत सीटीपी लागते, डीएनएचा एक घटक त्याच मार्गाने येतो, आणि पेशीचे आवरण घडविणाऱ्या स्निग्ध द्रव्यांची बांधणीही त्याच्याच साहाय्याने होते. ही शेवटची गोष्ट यूजीन केनेडी व सॅम्युएल वाइस यांना १९५५ च्या सुमारास मोठ्या विलक्षण रीतीने समजली: साध्या, काहीशा अशुद्ध एटीपीने चालणारी त्यांची प्रक्रिया अत्यंत शुद्ध, स्फटिकरूप एटीपी वापरताच थांबली, आणि शोध घेता असे आढळले की कार्य करणारे द्रव्य एटीपी नसून त्यात अशुद्धी म्हणून मिसळलेले सीटीपी हेच होते. एका पेशीच्या दोन पेशी व्हावयाच्या तर जनुकद्रव्य दुप्पट व्हावे लागते आणि आवरणही दुप्पट लागते. म्हणून वाढत्या पेशीची सीटीपीची मागणी विश्रांत पेशीहून कितीतरी अधिक असते.

यूटीपीचे सीटीपी करणारा विकर १९५५ मध्ये सेंट लुई येथील वॉशिंग्टन विद्यापीठात आयर्व्हिंग लिबरमन यांनी इश्चेरिशिया कोलाय या जिवाणूत प्रथम दाखविला. त्याचे नाव सीटीपी सिंथेज. त्याला लागणारा नत्र सजीव पेशीत मुख्यतः ग्लुटामिनकडून येतो, आणि यूटीपी, एटीपी, जीटीपी व खुद्द सीटीपी ही चारही न्यूक्लिओटाइडे त्याच्या कामावर आपला अंमल गाजवितात, हे पुढील दीड दशकात सिद्ध झाले. एका विकराच्या ठायी चार निरनिराळ्या खात्यांचे हुकूम एकाच वेळी येऊन पोचावेत, यावरूनच पेशीच्या कारभारातील त्याचे स्थान ध्यानात येते.

हा सर्व अभ्यास पेशी फोडून झाला होता, आणि या इतिहासाचे सारे मर्म या एका वाक्यात साठविलेले आहे. १८९७ मध्ये एडुआर्ड बुखनर यांनी यीस्टच्या पेशी वाळूबरोबर खलून त्यांचा रस काढला आणि जिवंत पेशीवाचूनही साखरेचे मद्य होते हे दाखवून आधुनिक जीवरसायनाची मुहूर्तमेढ रोविली. तेव्हापासून खलणे, गाळणे आणि निर्मळ द्रावणात एकेक विकर वेगळा करून त्याची गती मोजणे हीच या शास्त्राची मान्य पद्धती ठरली, आणि तिने अपूर्व फळे दिली. ज्यांना पुढे महाराष्ट्र कमला सोहोनी या नावाने ओळखू लागला त्या कमला भागवत यांनी केंब्रिजमध्ये रॉबिन हिल यांच्या मार्गदर्शनाखाली बटाट्यासारख्या वनस्पतींच्या ऊतींमध्ये सायटोक्रोम सी हे श्वसनाचे प्रथिन असल्याचे दाखवून १९३९ मध्ये डॉक्टरेट मिळविली, ती याच पद्धतीच्या बळावर. पेशी न फोडता हे यश मिळणे त्या काळी अशक्य होते. परंतु पेशी फोडताना एक गोष्ट हातची निसटत होती: पेशीत दाटीवाटीने असलेले विकर परीक्षानळीत आले की शतपट विरल होत, आणि केवळ दाटीमुळेच टिकणारी त्यांची परस्परजोडणी त्या विरलतेत विरून जाई. विकराची गती मोजली जात होती. त्याची मांडणी मोजण्याचा प्रश्नच उपस्थित होत नव्हता.

नियमनाचे जे पहिले महान तत्त्व या काळात सापडले, तेही योगायोगाने याच द्रव्याच्या संबंधात सापडले. १९५६ मध्ये रिचर्ड येट्स व आर्थर पार्डी यांनी दाखविले की सीटीपी ज्या मार्गाने घडते त्या मार्गाच्या आरंभीच्या विकराला मार्गाच्या अखेरीचे द्रव्यच आवर घालते, आणि पुढे गेरहार्ट व पार्डी यांनी हा आवर घालणारे मुख्य द्रव्य सीटीपी असल्याचे निश्चित केले. कोठार भरले की आवक आपोआप मंदावते, अशी ही योजना होती. १९६३ मध्ये मोनो, शांझो व जेकब यांनी या योजनेला सर्वसाधारण सिद्धांताचे रूप दिले: विकराच्या कार्यस्थानाहून दूर असलेल्या जागी एखादे द्रव्य येऊन बसते, त्यामुळे विकराचा आकार पालटतो आणि त्याच्या कामाची गती बदलते. हा सिद्धांत इतका समर्पक ठरला की चयापचयाच्या नियमनाचे संपूर्ण रहस्य एकेकट्या विकराच्या आकारात दडलेले आहे, असे सर्वत्र मानले जाऊ लागले.

तरीही विकर तंतू बनवितात याची पहिली चिन्हे त्याच सुमारास दिसली होती. १९५२ मध्ये ओल्सन व अन्फिन्सन यांनी गाईच्या यकृतातील ग्लुटामेट डिहायड्रोजनेज या विकराचे स्फटिक करून त्याची परीक्षा घेतली, तेव्हा द्रावण दाट केले असता त्याचे रेणू एकत्र जुळतात असे त्यांना आढळले. साठीच्या दशकात व्हॅगेलोस व त्यांचे सहकारी, आणि त्यानंतर एम. डॅनियल लेन यांचा गट, यांनी मेदाम्लांच्या निर्मितीची सुरुवात करणाऱ्या अॅसिटिल-कोए कार्बोक्सिलेज या विकराबाबत याहूनही स्पष्ट पुरावा मिळविला. सायट्रेट मिळताच हा विकर जागृत होई, आणि त्याच क्षणी त्याचे घटक एकामागोमाग एक जुळून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली लांब तंतू दिसू लागत. पेशीत सायट्रेट साठले याचा अर्थ अन्न विपुल आहे, आता ते मेदाच्या रूपाने शिलकीत टाकण्यास हरकत नाही. आणि त्या निरोपाला विकराने दिलेले उत्तर तंतूच्या रूपात डोळ्यांना दिसत होते. इतके असूनही या निरीक्षणाकडे एका विशिष्ट विकराचे वैचित्र्य म्हणून पाहिले गेले. शुद्ध द्रावणात जे दिसले ते जिवंत पेशीतही घडत असेल काय, याची शहानिशा करण्याचे साधन त्या काळी उपलब्ध नव्हते, आणि साधनाच्या अभावी प्रश्नच विस्मृतीत गेला. १९८७ मध्ये विलिंगहॅम व सहकाऱ्यांना एका प्रतिपिंडाच्या साहाय्याने संवर्धित पेशींमध्ये पूर्वी कधी न दिसलेली तंतुमय रचना आढळली. ती कशाची बनली आहे हे न कळल्यामुळे तीही नोंदीपुरतीच राहिली.

येथे लखनौची उपकथा येते. प्रथिनांच्या तंतूंविषयी आपण जे मानतो ते एका पाठ्यपुस्तकी नमुन्यावर बेतलेले असते आणि निसर्ग तो नमुना पाळण्यास बांधलेला नसतो, याचा एक सुंदर प्रत्यय छत्तर मंझिलमधील संशोधकांना आला. काळ्या आजाराचा जंतू लिशमानिया हा या संस्थेच्या अभ्यासाचा प्रदीर्घ विषय. त्याच्या पेशीतील अॅक्टिन या प्रथिनाचे वर्णन अमोघ सहस्रबुद्धे, व्ही. के. बाजपेयी आणि तत्कालीन संचालक सी. एम. गुप्ता यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केले. आपल्या स्नायूंत आणि बहुतेक सर्व प्रगत पेशींत अॅक्टिनचे जे सुपरिचित तंतू असतात आणि फॅलॉइडिन या द्रव्याने जे उजळून निघतात, तसे तंतू या जंतूत दिसेनात. त्याचे अॅक्टिन फॅलॉइडिनला दाद देत नव्हते, ते कणांच्या व ठिपक्यांच्या रूपात विखुरलेले होते आणि पेशीच्या आवरणाखालील सूक्ष्मनलिकांशी संलग्न होते. वंशाने तेच प्रथिन, पण जुळण्याची रीत वेगळी, आणि म्हणून पेशीतील त्याचे जीवनही वेगळे. एकाच कुळातील प्रथिने किती भिन्न रीतींनी जुळू शकतात, हा मुद्दा पुढे विकरांच्या बाबतीत किती महत्त्वाचा ठरणार होता, हे त्या वेळी कोणालाच ठाऊक नव्हते.

प्रथिनाला चमकणारे चिन्ह जोडून ते जिवंत पेशीतच पाहण्याची विद्या एव्हाना परिपक्व झाली होती, आणि तिच्यामुळे २०१० या एकाच वर्षी तीन भिन्न ठिकाणी, तीन भिन्न जीवांत, एकच दृश्य प्रकट झाले. ऑक्सफर्डमध्ये जी-लाँग लिऊ यांना फळमाशीच्या अंडाशयातील पेशींमध्ये सीटीपी सिंथेजचे सर्पाकृती तंतू दिसले, आणि त्यांनी त्यांस सायटूफिडियम असे नाव दिले. प्रिन्स्टनमध्ये झेमर गिताई यांच्या गटाला कोलोबॅक्टर क्रेसेंटस या चंद्रकोरीच्या आकाराच्या जिवाणूत तोच विकर पेशीच्या आतल्या वळणालगत तंतुरूपाने पसरलेला आढळला. इतकेच नव्हे, तर त्या तंतूचा पेशीच्या वक्रतेवरही परिणाम होतो असे त्यांनी दाखविले. सॅन डिएगो येथे जेम्स विल्हेम व सहकारी यीस्टमधील चिन्हांकित प्रथिनांचा मोठा संग्रह एकेक करून न्याहाळत असता त्यांना नऊ प्रथिने चार प्रकारच्या तंतूंत जुळलेली दिसली, आणि त्यांतही सीटीपी सिंथेज होते. जिवाणू, यीस्ट आणि कीटक यांचे कुलमार्ग अब्जावधी वर्षांपूर्वी विभक्त झाले. एवढ्या दीर्घ कालावधीत जी रचना सर्वत्र टिकून राहिली ती निरर्थक असणे संभवत नाही. १९५५ मध्ये ज्याची गती मोजली गेली होती त्या विकराची मांडणी पंचावन्न वर्षांनी प्रथमच नजरेस पडली.

मग तंतूचे प्रयोजन काय, हा प्रश्न उपस्थित झाला, आणि त्याची पहिली उत्तरे परस्परविरोधी निघाली. सीटीपी सिंथेजचे चार घटक मिळून एक चतुष्क होते, आणि नाण्यांची चळत रचावी तशी ही चतुष्के एकावर एक बसून तंतू घडतो. २०१४ मध्ये गिताई व जस्टिन कॉलमन यांच्या गटांनी दाखविले की ई. कोलायमध्ये सीटीपी पुरेसे साठले की हे तंतू बनतात आणि त्यांत अडकलेला विकर निष्क्रिय होतो. ज्या जिवाणूंत तंतू बनू न देणारा बदल घडवून आणला त्यांची सीटीपीची व्यवस्था बिघडली आणि वाढ खुंटली. याउलट २०१७ मध्ये कॉलमन यांच्याच सिअॅटल येथील प्रयोगशाळेत मानवी सीटीपी सिंथेजच्या पहिल्या प्रकाराचे तंतू अभ्यासले, तेव्हा तंतूत विकराचे काम मंदावण्याऐवजी वाढते असे आढळले. मानवातील दुसऱ्या प्रकाराने २०२० मध्ये आणखी एक रीत दाखविली: तो तंतूत राहूनच, कच्चा माल विपुल असता जागृत स्थितीत आणि तयार माल साठला असता सुप्त स्थितीत जातो, आणि सारी चतुष्के एकदम पालटत असल्याने त्याचा प्रतिसाद एकेकट्या विकराच्या मानाने अधिक तीव्र व निर्णायक होतो. विरोध वाटला तो निसर्गात नव्हता. जुळण्याचे तत्त्व एकच आहे. जुळताना विकर कोणत्या आकारात बंदिस्त होतो त्यावर परिणाम अवलंबून असतो, आणि प्रत्येक जीवाने आपल्या गरजेप्रमाणे तो आकार निवडला आहे.

उपासमारीच्या काळात या योजनेचे शहाणपण विशेष दिसते. यीस्टची साखर तोडली की पेशीतील आम्लता वाढते, आणि २०१४ मध्ये ड्रेस्डेन येथील सायमन अल्बर्टी यांच्या गटाने दाखविल्याप्रमाणे ग्लुटामिन सिंथेटेजसारखे विकर त्या आम्लतेमुळे तंतूंत जुळून निष्क्रिय होतात. अन्न परत मिळताच तंतू विरघळतात आणि विकर पूर्ववत कामास लागतात. नवे विकर घडविण्यास वेळ व शक्ती लागते. जुने मोडून टाकल्यास ती शक्ती वाया जाते. तंतूच्या रूपाने ते राखून ठेवल्यास दुष्काळही निभावतो आणि सुकाळ येताच वाढीला विलंब होत नाही. २०२० मध्ये यीस्टमधील ग्लुकोकायनेज हा साखर जाळण्याची सुरुवात करणारा विकर, साखर अकस्मात मिळाली असता, तंतू बनवून आपल्याच वेगाला लगाम घालतो असे सिद्ध झाले. हा विकर अॅक्टिनच्याच प्राचीन कुळातील आहे. एकाच कुळातील दोन प्रथिनांनी जुळण्याची कला आपापल्या परीने साधली असून, एकाने तिचा उपयोग पेशीला आकार देण्यासाठी केला आणि दुसऱ्याने तिजोरीच्या रक्षणासाठी.

मानवी आरोग्याशी या विषयाचा संबंध प्रथम रुग्णालयांच्या रक्तचाचण्यांतून उघड झाला. हिपॅटायटिस सी या रोगावर इंटरफेरॉन व रिबाव्हिरिन घेणाऱ्या काही रुग्णांच्या रक्तात असे प्रतिपिंड आढळत की जे पेशींतील काडीसारख्या व कड्यासारख्या रचनांना चिकटत. २०११ मध्ये फ्लोरिडा येथे एडवर्ड चॅन यांच्या गटाने त्या रचनांत सीटीपी सिंथेज आणि ग्वानिनच्या न्यूक्लिओटाइडांची निर्मिती करणारा आयएमपी डिहायड्रोजनेज हे विकर असल्याचे दाखविले. रिबाव्हिरिन याच दुसऱ्या विकराला रोखते. एरवी जीटीपी हे ग्वानिनचे न्यूक्लिओटाइड साठले की हा विकर मंदावतो. परंतु तंतूत जुळलेला विकर हा आवर सहजी मानीत नाही, आणि म्हणून जेव्हा पेशीला एकाएकी खूप वाढावयाचे असते, जसे रोगजंतूचा सुगावा लागताच रोगप्रतिकार करणाऱ्या टी पेशींना वाढावे लागते, तेव्हा हे तंतू बनून ग्वानिनचा पुरवठा अखंड चालू राहतो. सीटीपीची बाजूही तितकीच निर्णायक आहे: २०१४ मध्ये फ्रान्समधील संशोधकांनी अशी मुले वर्णिली की ज्यांच्या सीटीपी सिंथेजच्या पहिल्या प्रकारात जन्मजात उणीव होती, त्यांच्या टी पेशी वेळेवर वाढू शकत नसल्याने ती गंभीर संसर्गांना बळी पडत.

या सत्तर वर्षांच्या इतिहासातून औषधसंशोधकाने घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. एखादे द्रव्य विरल द्रावणातील सुट्या विकराला रोखते, एवढ्यावरून ते वाढत्या पेशीतील तंतुरूप विकरालाही रोखेल असा निष्कर्ष काढता येत नाही. कारण तंतूत त्या विकराचा आकार निराळा, त्याची संवेदनक्षमता निराळी आणि त्याच्यावर चालणारे हुकूमही निराळे असतात. आफ्रिकेतील निद्रारोगाचा जंतू ट्रिपॅनोसोमा हा लिशमानियाचा निकटचा आप्त. त्याच्या पेशीत सीटीपीचा साठा अत्यल्प असतो आणि तयार सायटिडीन वापरून तो भरून काढण्याची सोय त्याच्याकडे नसते, म्हणून त्याचे सीटीपी सिंथेज हे औषधाचे उत्तम लक्ष्य होय, असे स्वीडनमधील संशोधकांनी २००१ मध्येच दाखवून ठेवले आहे. जेथे न्यूक्लिओटाइडांचे रसायन केंब्रिजहून आलेल्या एका तरुणाबरोबर १९५१ मध्ये पोचले आणि जेथे लिशमानियाच्या अॅक्टिनने पाठ्यपुस्तकाचा नमुना झुगारल्याचे निदर्शनास आले, त्या लखनौच्या संशोधनपरंपरेत या दोन्ही वाटा एकत्र आणण्याची सारी सामग्री आहे. पेशी फोडून मिळविलेले ज्ञान अमोल आहे आणि त्याचे ऋण कधीही फिटणारे नाही. पण ज्या जंतूला मारावयाचे त्याचे विकर तो जिवंत असताना कसे मांडलेले असतात, हे पाहिल्यावाचून त्याच्यावर सोडलेले औषध आपल्या लक्ष्याची केवळ अर्धी ओळख घेऊनच निघालेले असते.